टँकरनानाची जिभेखालची गोळी

टँकरनाना पाण्यापेक्षा बोलणंच जास्त वाहून आणायचा. दुष्काळात दूध सोसायटीसमोर टँकर लागला की घागरी भरेपर्यंत दिंद्रुडपासून बीडपर्यंतच्या समद्या भानगडी आमच्या कानात. मी त्याची नक्कल करायचो, "ऐक बे, सांगतो," म्हणून, मान वाकडी करून. नाना बघायचा आन म्हणायचा, "मान बरुबर हाय. पोट अजून पुढं काढ."

बायको वारलेली, लहानगी पोरगी पिंकी केबिनमध्येच वाढत होती. रातंदिवस खेपा मारता मारता नानाला ढाब्यावर अफूची सवय लागली. एकदा भर उन्हात टँकर कडंला लावून असा झोपला, की पोरगी रडून दमली तरी जाग न्हाई. बालकल्याण समितीनं तिला बालगृहात ठेवलं. समितीच्या मॅडम म्हणल्या, आधी इलाज, मग पोरगी.

इलाज म्हंजे सरकारी दवाखान्यातली अफू सोडवायची गोळी. रोज जिभेखाली ठेवायची, विरघळेपर्यंत गिळायची न्हाई, बोलायचं न्हाई. नाना म्हणायचा, "अफू सुटल बे, हे गप्प बसणं लई जड हाय." गावाला कळल्यावर लोक नेमके त्याच वेळी भांडायला यायचे. सोसायटीचा चेअरमन म्हणाला, "एक नशा सोडून दुसरी धरली न्हवं?" नाना नुसते डोळे वटारून. गोळी विरघळली तसा म्हणाला, "अफू घेतली की पोरगी इसरायचो. गोळी घेतली की आठवती. आता बोला, चेअरमन."

समितीनं बोलावलं त्या दिवशी मी सोबत गेलतो. इलाज चालू हाय हे मॅडमला दिसावं म्हणून नानानं त्यांच्यासमोरच गोळी जिभेखाली ठेवली. लगेच मॅडमनी विचारलं, "पोरीला पुन्हा असं टाकून झोपणार नाही ना?"

नाना लालबुंद. नुसते हातवारे.

"मॅडम, त्याच्या वतीनं मी बोलू का? आवाज बी तसाच काढतो."

"नको."

तेवढ्यात पिंकीला आत आणलं. बालगृहात भेटीला आलेला बाप तिनं असा लई वेळा बघितलेला. नानाच्या मांडीवर बसून ती म्हणाली, "बाबाच्या तोंडात गोळी हाय. थांबा की जरा." समदी समिती थांबली.

शेवटी नाना बोलला, "न्हाई टाकणार." त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात छोटं भाषण.

काही महिन्यांनी पिंकी घरी आली. पुढच्या साली पाऊस झाला, टँकर बंद पडले. नानाला उमापूरकडं दुधाच्या गाडीवर काम मिळालं. निघताना पिंकी म्हणाली, "बाबाची नक्कल कर."

मी मान वाकडी केली, पोट काढलं, "ऐक बे..."

"हे न्हाई. गोळीवाला बाबा."

मी तोंड मिटून बसलो. क्षणात मला हसू फुटलं. नानाच्या जिभेखाली तेव्हा गोळीच होती. त्यानं नुसती मान हलवली, जमलं न्हाई म्हणून.