परातीतून कर्नाटकात

"टेबलावर ठेव की!" जत्रेहून आलेल्या पोराच्या हातात खेळणं दिसलं, की आमच्या बाई असं म्हणायच्या. आम्ही बाकीचे शिक्षक ते काढून घेऊन कपाटात कोंबायचो. बाईंचा त्या दिवसाचा अभ्यास तिथूनच सुरू व्हायचा.

मंगळवार पेठेतल्या आमच्या शाळेत चौथीचे दोन वर्ग. एक बाईंचा, शेजारचा माझा. तुम्हाला सांगतोय त्यातलं बरंचसं भिंतीपलीकडून ऐकलेलं आहे.

एकदा सानिका नावाच्या मुलीनं पत्र्याची बोट आणली. पोटात पेटती वात ठेवली की फटफट करत पाण्यात पळणारी. बाईंनी घरून परात आणली. "फटफट का करतीय? आधी सांगायचं, मग बघायचं." पोरं भांडली. कोण म्हणालं आत मोटर आहे, कोण म्हणालं धूर ढकलतो. नळीतल्या पाण्याची वाफ होते, हे त्यांचं त्यांना सापडेपर्यंत बाई हाताची घडी घालून गप्प. मग दोऱ्यानं परातीचा घेर मोजून झाला. मग नकाशा. "पंचगंगेत सोडली तर कुठं जाईल?" नकाशावर बोट कुरुंदवाडजवळ कृष्णेला लागली, कर्नाटकात शिरली. आता तिथल्या माणसांशी बोलायचं कसं? सीमेकडच्या आमच्या शिपाईमामांना बोलावून अख्खा वर्ग कानडीत "जेवलात का?" विचारायला शिकला. शेवटी बोटीच्या कप्तानाचं मनोगत. एरवी दोन ओळींत दमणारी सानिका घंटा झाली तरी मान वर करेना.

पालकसभेत तिचे वडील उठले. शिवाजी पेठेतला खणखणीत आवाज.

"बाई, पोरगी घरात दिसंल ते पाण्यात टाकतीया! काल माझी चप्पल टाकली!"

"तरंगली का?"

"तरंगली की."

"का?"

"आता ते मला काय म्हाईत!"

"सानिकाला विचारा. तिला सांगता आलं नाही, तर मी चुकले."

सभा हसली. हेडसर हसले नाहीत. "पुस्तक मागं पडलंय. हे बंद करायचं," म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "सर, तुम्ही शेजारीच शिकवता. तुमचं मत काय?"

माझ्या वर्गाचं पुस्तक पुढं होतं आणि पोरं मागं. हे मला पक्कं ठाऊक होतं. मी म्हणालो, "आपण म्हणता ते बरोबर आहे."

बाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. दुसऱ्या दिवसापासून परात मधल्या सुट्टीत मैदानावर मांडली जाऊ लागली. "तास तुमचा, सुट्टी पोरांची," त्यांनी हेडसरांना सांगून टाकलं. स्वतःचा डबा उभ्यानंच खायच्या.

दिवाळीनंतर, ऐन वर्षात, त्यांची बदली झाली. दोन्ही वर्ग एकत्र करून माझ्याकडे दिले. मी स्टँडवर सोडायला गेलो. एसटी लागली तेव्हा कसंबसं म्हणालो, "बाई, त्या सभेत मी खोटं बोललो."

"ठाऊक हाय मला." त्यांनी पिशवी आत सरकवली. "पण मला सांगून काय उपयोग? ज्यांना सांगायचं त्यांना सांगा."

गाडी हलली. त्यांनी हात केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेडसरांच्या खोलीत गेलो. बसा म्हणाले, बसलो नाही. "सर, यंदा माझंही पुस्तक मागं राहणार आहे. आणि त्या दिवशी मी खोटं मत दिलं होतं." हेडसरांनी चष्मा काढला. मी थांबलो नाही, माझ्या वर्गाचं पुस्तक पुढं आणि पोरं मागं होती, हेही सांगून टाकलं.

बाहेर सानिका आणि बाकीची पोरं बाईंच्या रिकाम्या वर्गातली बाकं ओढत माझ्या वर्गात आणत होती.