टबातला बखोर

त्सफात या डोंगरावरच्या ज्यू गावात, उतारावरच्या गल्लीत झिम्बुल राहायची. नवरा बखोर जाऊन वर्ष होत आलेलं. एकटी बाई, पण तोंड काही गप्प बसेना. भिंतींशी बोलायची, अन् भिंती उलट बोलत नाहीत म्हणून त्यांच्यावरच चिडायची.

एका गुरुवारी तिनं शब्बाथच्या, म्हणजे शुक्रवारी सूर्य मावळताच लागणाऱ्या विसाव्याच्या दिवसाच्या, जेवणाला जिवंत मासा आणला नि धुण्याच्या टबात सोडला. मासा लागला वर बघायला, खालचा ओठ लोंबवून, थेट बखोरसारखा. झालं! आमच्याकडं म्हणतातच ना, सज्जन माणसाचा जीव माशात येतो, आणि कुणी नीट आशीर्वाद म्हणून तो मासा खाल्ला की सुटतो. झिम्बुलनं स्टूल ओढलं अन् वर्षभराचं साठलेलं सगळं त्याला ऐकवलं.

शुक्रवारी सकाळी शेजारीण जोया आली. "अगं, अजून पोहतोय हा? सूर्य मावळला की शब्बाथ, मग चूल बंद. तो काय तुझ्यासाठी थांबणाराय?"

"हळू बोल. बखोर आहे तो."

जोयानं वाकून बघितलं. "बखोर? अगं, मासे होतात ते सज्जन! हा तर पत्त्यांतसुद्धा लबाडी करायचा."

"माझ्याबरोबर जन्म काढला त्यानं. तेवढ्यावर कुणीही संत होईल."

"मग शिजव की. सुटू दे बिचाऱ्याला."

"जिवंतपणी भाजून खाल्लं त्याला, आता मेल्यावरही खाऊ?" झिम्बुल हसली, पण पदरानं डोळे टिपले. "आणि सुटला तर मी बोलू कुणाशी? बघ माझी अक्कल. नवरा वर जाऊ नये म्हणून त्याला टबात कोंडलाय."

कोंबडी असती तर धर्माच्या नियमानं कापायला माणूस होता. माशाला तसलं काही लागत नाही, पाण्यातून काढला की संपलं. म्हणजे काढायचा तिनंच. हात घातला, मागं घेतला, पुन्हा घातला.

"चल बाबा," म्हणाली, "बायकोनं अडवून धरला, असं वर कुणी म्हणायला नको."

संध्याकाळी टोमॅटोच्या रश्श्यातला मासा पानात आला. एरवी झिम्बुल आशीर्वाद धाडधाड उरकायची. सगळ्या जेवणाचा आशीर्वाद भाकरीवरच म्हणतात; त्या दिवशी ती हातात धरून एकेक शब्द जपून म्हटला. माशाचा पहिलाच घास घेतला नि काटा घशात! जेवायला आलेल्या जोयानं पाठीत धपाटे घातले तेव्हा कुठं निघाला.

"बखोरच गं हा," झिम्बुल धापा टाकत म्हणाली. "आमच्या भांडणात शेवटचा शब्द त्याचाच असायचा."

मग ताट पुढं ओढलं आणि अर्धवट सुटायला नको म्हणून शेपटीपर्यंत सगळा संपवला.