‘तुमीच’ आणि ‘तुमी बी’

सासऱ्यांच्या तोंडच्या एका शब्दावर मी बरीच वर्षं फुगून राहिलो. विजेवर चालणारी कुठलीही वस्तू घ्यायची झाली की रिसोडहून त्यांचा फोन यायचा, “जवाईबापू, तुमीच सांगा, कवा घ्याची?” त्या ‘तुमीच’मधला ‘च’ मला आहेरापेक्षा मोलाचा होता. आहेर काय, कुठल्याही जावयाला मिळतो.

आणि मला खरंच कळायचं. कूलर घ्यावा तो स्वेटर घालून आणि गिझर घ्यावा तो घाम पुसत. टीव्ही घ्यावा क्रिकेटचा विश्वचषक संपल्यावर. दसरा-दिवाळीला दुकानात उभं राहायला जागा नसते, तेव्हा घासाघीस करणाऱ्याकडे कोणी बघतही नाही. दाराची तोरणं सुकली की जावं, मग दुकानदार स्वतःहून चहा मागवतो. वॉशिंग मशीनचं नवं मॉडेल आलं की जुनं मागावं. धुवायचे ते कपडे दोन्ही सारखेच धुतात. सासरे एसटीने वाशिमला माझ्याकडे यायचे. मी त्यांना घेऊन दुकानं पालथी घालायचो आणि शेठजींनी आखरी भाव सांगितला की उठायचो. दारात चपला घालायच्या, पण सावकाश. दुसरी चप्पल पायात जायच्या आत शेठजींची हाक यायची. सासरे गावभर सांगत, “आमचे मोठे जवाई नुसत्या चपला घालून भाव पाडतात.”

मग मेव्हणीचं लग्न झालं आणि धाकटे साडू आले. अकोल्याला नोकरी, बोलणं मऊ आणि हातात सदा फोन. पहिल्याच दिवाळीत त्यांनी मी आणून दिलेला मिक्सर उचलून पाहिला. “केवढ्याले भेटला, भाऊ?” मी ऐटीत आकडा सांगितला. त्यांनी फोनमध्ये काहीतरी पाहिलं आणि काही न बोलता तो खिशात ठेवला. बोलले असते तर मी वाद घातला असता. आता मी हातातला अनारसा ताटात परत ठेवला. पुढे बायकोने बहिणीकडून काढून आणलंच, तोच मिक्सर फोनवर स्वस्त होता.

त्यांच्या फोनमध्ये वस्तूचा वर्षभराचा भाव वरखाली जाणाऱ्या एका रेघेत दिसायचा. भाव उतरला की फोन वाजायचा. मी दुकानांच्या पायऱ्या झिजवून जे शिकलो, ते या माणसाला जेवता जेवता कळत होतं. मी जळलो, सरळ सांगतो. त्यांच्या फोनवर जळलो, त्यांच्या मऊ बोलण्यावर जळलो. सासूबाई गरम पोळी आधी त्यांच्या ताटात टाकायच्या, त्यावरसुद्धा जळलो.

त्यानंतरच्या चैत्रात सासऱ्यांचा फ्रीज बंद पडला. दुरुस्तीवाल्याने हात टेकले. फोन आला.

“जवाईबापू, नवा फ्रीज घ्याचा हाय. तुमी बी सांगा. छोटे जवाई तं आत्ताच घ्या म्हणून राह्यले.”

तुमी बी! माझा ‘च’ गेला होता आणि त्याच्या जागी हा ‘बी’ येऊन बसला होता, म्हणजे मी आता पंगतीत दुसरा. खरं तर साडूंचं म्हणणं चुकीचं नव्हतं. भाव चढा आहे, पण गरज आता आहे, बँकेच्या कार्डावर थोडी सूटही आहे, असं ते म्हणाले होते. पण ते त्यांनी म्हटलं होतं, एवढं मला पुरेसं होतं.

“उन्हाळ्यात फ्रीज?” मी म्हणालो. “बाबा, थोडं थांबा. त्यांच्या रेघेच्याही खाली आणून दाखवतो.”

मोठ्या जावयाचा मान म्हणून सासरे थांबले. वैशाखात रिसोड तापलं. सासूबाई दुधाचं पातेलं शेजारणीच्या फ्रीजमध्ये ठेवायला जाऊ लागल्या. बायको मला म्हणाली, “आईले रोज दुसऱ्याच्या दारात जायची लाज वाटते. काहून अडून बसले तुमी?” मी पंधरा ऑगस्टच्या सवलतीचं नाव काढलं. पंधरा ऑगस्ट आला, तेव्हाही दुकानातला भाव रेघेच्या वरच होता. मग दसरा. मग, दिवाळी होऊन जाऊ द्या.

तोरणं सुकली, तसा मी सासऱ्यांना घेऊन दुकानात गेलो. मागच्या सालचं मॉडेल होतं, कोपऱ्यात उरलेलं, खोक्यासकट. शेठजी नमेनात. मी दारात गेलो, एक चप्पल घातली, दुसरी हातात घेऊन झटकली, पुन्हा झटकली. हाक आली.

फ्रीज रिसोडला पोचला त्याच रविवारी साडूही आले होते. मी मुद्दाम सगळ्यांदेखत म्हणालो, “काढा तुमची ती रेघ.” त्यांनी काढली. वर्षभरात ती एकदाही माझ्या भावापर्यंत उतरली नव्हती. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. निदान एकदा तरी त्यांचं तोंड उतरावं, एवढीच माझी इच्छा होती.

“अरे बाप्पा!” ते हसून म्हणाले. “लय भारी, भाऊ. मले नसता भेटला एवढ्यात.”

अगदी मनापासून म्हणाले. कुठे काही दुखलं नाही, खुपलं नाही. सासूबाईंनी फ्रीजला कुंकू लावलं, दार उघडून पाहिलं आणि शाल सावरत म्हणाल्या, “छान हाय. पण आता या थंडीत मी काय ठेवू यात?” सगळे हसले. साडूही हसले, मग मलाही हसावं लागलं.

गेल्या महिन्यात पुन्हा रिसोडचा फोन आला.

“जवाईबापू, टीवी गेला. तुमीच सांगा, कवा घ्याचा?”

मी खुर्चीत ताठ बसलो. ‘च’ परत आला होता! आवाज शक्य तितका साधा ठेवून मी विचारलं, “छोटे जावई काय म्हणतात?”

“त्यायलेच इचारलं ना पयले. ते म्हणे, मोठ्या भाऊले इचारा, त्यायच्यावानी आपल्याले जमत नाही.”

मी सासऱ्यांना म्हटलं, पाहून सांगतो. फोन ठेवला. बायको दारात येऊन उभी होती.

“काय म्हणत होते बाबा?”

“तुमीच सांगा म्हणे,” मी म्हणालो. पुढचं काही तिला सांगितलं नाही.