चालल्या किती?

"पास किती ते राहू द्या. चालल्या किती?"

अक्का हे विचारायच्या तेव्हा त्यांच्या उजव्या हाताचे पहिले बोट पडद्यावर टेकलेले असायचे. खालच्या कोपऱ्यात, जिथे एक बारीक आकडा असतो तिथे. बाकीचा पडदा हिरवागार असला तरी त्यांना त्याच्याशी देणेघेणे नसे. आमच्या ऑफिसातल्या प्रत्येक मॉनिटरच्या त्या कोपऱ्यात एक पुसट डाग होता. मी दर शनिवारी तो पुसून घ्यायचे. सोमवारी तो परत आलेला असायचा.

सोलापुरात चादरी-टॉवेलच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमची सॉफ्टवेअरची छोटी कंपनी आहे. चौदा माणसे. साखर कारखान्यांच्या वजनकाट्यासाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवतो. उसाची गाडी भरलेली असताना एकदा वजन करायचे, रिकामी झाल्यावर एकदा. पहिल्यातून दुसरे वजा केले की उसाचे वजन. ऐकायला सोपे आहे. त्यात ट्रॅक्टर, बैलगाडी, दोन ट्रॉल्या, दुसरी खेप, भिजलेली गाडी असे सगळे आले की सोपे राहत नाही.

माझे काम याद्यांचे. कोणते काम कोणाकडे, कधी द्यायचे, कुठे अडले. अक्कांनी पहिल्याच आठवड्यात माझे नाव "यादीबाई" ठेवले आणि ते टिकले.

अक्का चाचणी बघायच्या. ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते: प्रोग्राम नीट हिशेब करतो की नाही हे बघायला दुसरे छोटे छोटे प्रोग्राम लिहितात. भरलेली गाडी इतकी, रिकामी इतकी, तर उत्तर इतकेच यायला हवे. उत्तर आले तर हिरवे, नाही आले तर लाल. अशा प्रत्येक छोट्या तपासणीला बाकी सगळे टेस्ट म्हणत. अक्का चाचणी म्हणत.

त्या माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठ्या. घरात तेलुगू, वडिलांचे घरातच दोन माग होते. अक्का हे नाव कुणी ठेवले ते माहीत नाही. तेलुगूतही चालते, कन्नडातही चालते, त्यामुळे कुणाचीच तक्रार नव्हती.

सिद्धाराम नवीन होता तेव्हाची गोष्ट. अक्कलकोटचा हा आमचा प्रोग्रामर एका सकाळी वैतागून अक्कांच्या टेबलाशी आला.

"अक्का, माझ्या मशीनवर एकबी टेस्ट चालंना झालीय."

"पडतायत, की चालत नाहीत?"

"दोन्ही एकच की."

"एकच कसं? परीक्षेत नापास होणं आणि परीक्षेला न बसणं एकच का?"

मग त्यांनी डबा उघडता उघडता चार प्रश्न विचारले. कोणता जावा? कोणत्या फोल्डरमधून चालवतोय? काल चालत होत्या का? कालपासून काय बदललं? मी ते लगेच वहीत उतरवून घेतले. आयती यादी मला आजवर कुणी दिली नव्हती.

"काहीच बदललं नाही," सिद्धाराम म्हणाला.

"काहीच नाही म्हणतो त्याच्याकडंच आधी बघायचं."

निघाले असे, की त्याने आदल्या संध्याकाळी नवा जावा, म्हणजे आम्ही प्रोग्राम लिहितो त्या भाषेची नवी आवृत्ती, मशीनवर टाकला होता आणि जुना काढला नव्हता. कोड नव्या जावात तयार होत होता, चाचण्या जुन्या जावात चालवायचा प्रयत्न होत होता. जुन्याला नव्याची भाषा कळेना, म्हणून सुरुवातच होईना.

"दोन जावा एका घरात," अक्का भाकरीवर शेंगाचटणी घेत म्हणाल्या. "दुसरं काय होणार?"

असे प्रसंग पुढे पुष्कळ झाले. चुकीचे फोल्डर, अर्धवट उतरलेली लायब्ररी, कुणी तरी मशीनला स्वतःचे नाव देवनागरीत दिलेले आणि त्यामुळे फोल्डरचा पत्ताच न सापडणे. पडलेल्या चाचणीवर त्या कधी चिडल्या नाहीत. न चाललेल्या चाचणीवर मात्र त्यांचे कपाळ आक्रसायचे.

एकदा मी कारण विचारले.

"आमच्या घरच्या मागाला बाणा, म्हणजे आडवा धागा, तुटला की थांबवणारा एक काटा होता," त्या म्हणाल्या. "तो काटा बिघडला की धागा नसतानाही माग खडखडत राहायचा. आवाज तोच. नाना, म्हणजे माझे वडील, दर थोड्या वेळानं उठून कापडावर बोट टेकवून बघायचे. आवाजावर विश्वास नव्हता त्यांचा."

तेव्हा मला त्या मॉनिटरवरच्या डागाचा उलगडा झाला. शनिवारी पुसणे मात्र मी सोडले नाही.

अक्कांचा एक नियम होता: चाचण्यांची नावे मराठीत हवीत. अक्षरे इंग्रजी, पण शब्द मराठी आणि प्रत्येक नावाच्या शेवटी "चाचणी". बाहेरून आलेल्यांना हे विचित्र वाटायचे. पण त्यात सोय होती. आमचा सगळ्यात मोठा ग्राहक असलेल्या कारखान्याच्या काट्यावर एक क्लार्क होते. अक्का त्यांना फोन लावून नावांची यादी वाचून दाखवायच्या.

"दुसऱ्या खेपेला रिकामं वजन नव्यानं घ्यावं. बरोबर?"

"व्हय, बरोबर. गाडी तीच आसली तरी चिखुल नवा आसतोय की."

असे एकेक नाव त्यांच्याकडून पास करून घ्यायच्या. नवी आवृत्ती गेली की सोबत एक पत्र जायचे: सर्व चाचण्या पूर्ण. खाली अक्कांची सही.

आता मुख्य गोष्ट. नवी चाचणी लिहिली की अक्का मूळ हिशेब मुद्दाम बिघडवून चाचणी पडते का ते बघायच्या. पडली की मगच तिच्यावर विश्वास. हे त्या नेहमी स्वतःच्या मशीनवर करायच्या, एकेक फाइल हाताने चालवून. नंतरची रोजची जबाबदारी सर्व्हरची. सर्व्हर म्हणजे आमचे सामाईक मशीन. ते सगळ्यांचे काम एकत्र करते, सगळ्या चाचण्या चालवते आणि शेवटी हिरवे किंवा लाल दाखवते.

त्या ऑक्टोबरात अक्कांचे मशीन दुरुस्तीला गेले. कारखान्याच्या गव्हाणीत मोळी पडायला, म्हणजे हंगाम सुरू व्हायला, चार दिवस होते. मशीन नाही म्हणून त्यांनी बिघडवलेला हिशेब थेट सर्व्हरवर पाठवला. वजाबाकीच्या जागी बेरीज केली होती. मी शेजारीच बसले होते.

हिरवे आले.

"यादीबाई," अक्का सावकाश म्हणाल्या, "हे लाल व्हायला पाहिजे होतं."

त्यांनी सर्व्हरचा लांबलचक अहवाल उघडला. शेवटी हिरवे असायचे म्हणून तो कुणी उघडत नसे, आमच्या मशीनवरचे आकडे बघणाऱ्या अक्काही नाही. बोट खाली खाली गेले आणि थांबले. चालल्या: २१२. या सगळ्या अक्कांच्या आधीच्या माणसाने लिहिलेल्या. अक्कांनी दोन वर्षांत लिहिलेल्या एकशे ऐंशींपैकी एकही त्यात नव्हती.

कारण सिद्धारामने अर्ध्या तासात शोधले. शोधून तो आला आणि उभाच राहिला.

"बोल की."

"अक्का, फाइलीच्या नावात टेस्ट आसंल तरच सर्व्हर ती उचलतोय. आपल्या नावात चाचणी हाय."

"मराठी नावांचा नियम कुणाचा?"

"आपलाच की."

"आपला नाही. माझा." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सगळ्यांना विचारत बसले. सर्व्हरला विचारायचं राहिलं."

नावे बदलणे तासाभराचे काम होते, सिद्धाराम तयार होता. अक्का नको म्हणाल्या. नावे काट्यावरच्या माणसाला कळावीत म्हणून होती, ती तशीच राहावीत. सर्व्हरलाच "चाचणी" हा शब्द शिकवावा. एका ओळीची दुरुस्ती होती. ती केली, बिघडवलेला हिशेब पूर्ववत केला आणि पुन्हा चालवले. चालल्या: ३९२.

त्यातली एक पडली. दुसऱ्या खेपेची.

वर्षभरापूर्वी पावती लवकर निघावी म्हणून सिद्धारामने एक बदल केला होता. तेव्हापासून तीच गाडी त्याच दिवशी परत आली की प्रोग्राम तिचे सकाळचेच रिकामे वजन धरत होता, आणि उसाचे वजन कधी कमी तर कधी जास्त लागत होते. चाचणी चालली असती तर त्याच दिवशी सापडले असते. एक अख्खा हंगाम तसाच गेला होता आणि वर अक्कांची सही होती.

चूक दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दुरुस्त झाली. प्रश्न पुढचा होता. आमच्या साहेबांनी अक्कांना आणि मला केबिनमध्ये बोलावले.

"नवीन आवृत्ती देतोच आहोत. पत्रात सुधारणा म्हणून एक ओळ टाकू. हंगामाच्या तोंडावर गाजावाजा कशाला?"

"साहेब, दुरुस्ती नवीन आहे. माझी सही जुनी आहे."

"हा कारखाना गेला तर निम्मं ऑफिस रिकामं बसेल, अक्का. मग तुमच्या जागेबद्दलही मला काही सांगता येणार नाही."

"नका सांगू. गाडी तेवढी द्या उद्या."

साहेब वाईट नव्हते. त्यांनी गाडी दिली.

त्या रात्री घरी जाण्याआधी मी माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब यादी छापली: मागच्या हंगामातली दुसऱ्या खेपेची प्रत्येक पावती, धरलेले वजन आणि काट्याने खरे दाखवलेले वजन. काट्याची मूळ नोंद शाबूत होती, हे आमचे नशीब. अक्कांनी सकाळी गाडीत ती पहिल्या पानापासून बोट फिरवत वाचली. पंढरपूर आले तेव्हा त्यांनी शेवटचे पान उलटले.

कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्यांनी यादी चाळली. अक्कांनी काय झाले ते सांगितले. नियम कुणाचा होता तेही. सिद्धारामचे नाव घेतले नाही.

"हे तुम्हाला कुणी दाखवून दिलं?" अधिकाऱ्यांनी विचारले.

"कुणी नाही."

"तुम्ही सांगितलं नसतं तर आम्हाला कधी कळलं असतं?"

"कळलं नसतं."

अधिकाऱ्यांनी काट्यावरच्या क्लार्कना बोलावून घेतले. फोनवरचा आवाज मी पहिल्यांदा माणसात बघितला. बारीक, पांढऱ्या मिशांचे. त्यांनी यादी बघितली आणि टोपी काढून हातात धरली.

"बाई, दुसऱ्या खेपंला गाडीवाली कुरकुर करत हुती. म्याच गप केलं त्यास्नी. म्हनलं, काटा खोटं बोलत न्हाय."

"काटा खरंच बोलला," अक्का म्हणाल्या. "आम्ही त्याचं ऐकलं नाही."

जुने पत्र अक्कांनी परत मागितले. फाइलीतला कागद परत देता येत नाही, असे उत्तर आले. मग त्यांनी पेन मागितले आणि स्वतःच्या जुन्या सहीखाली लिहिले: यातली माझी एकही चाचणी चालली नव्हती. पुन्हा सही केली, तारीख घातली.

अधिकाऱ्यांनी ते वाचून फाइल मिटली. मागच्या वजनांची दुरुस्ती या यादीवरून करून घेऊ, म्हणाले. आणि मोळीच्या आदल्या दिवशी सगळ्या चाचण्या इथे, त्यांच्यासमोर चालवून दाखवायच्या. मगच नवी आवृत्ती काट्यावर चढेल. दाखवल्या. क्लार्क एकेक नाव मोठ्याने वाचत गेले, सिद्धाराम टिक करत गेला. कारखाना आजही आमच्याकडे आहे.

पण त्या पहिल्या दिवशी कारखाना आमच्याकडे राहील हे ठरलेले नव्हते. परतताना मोहोळला चहाला थांबलो तेव्हा अक्का एवढेच म्हणाल्या, "यादीबाई, ऑफिसला एक पाटी घ्या."

मी पाटी आणली, शाळेतल्यासारखी काळी. रोज सकाळी दहा वाजता अक्का सर्व्हरचा अहवाल उघडून आकडा पाटीवर खडूने लिहायच्या. आदल्या दिवसाचा आकडा वर, आजचा खाली. कमी झाला तर कुणी चहालाही उठायचे नाही. हे तपासायचे कामही मशीनलाच देऊ, असे सिद्धाराम म्हणाला होता.

"मशीन दोन वर्षं हिरवं सांगत होतं," अक्का म्हणाल्या. "ऐकलंस ना?"

गेल्या उन्हाळ्यात अक्का निवृत्त झाल्या आणि बहिणीकडे हैदराबादला राहायला गेल्या. निरोप समारंभ त्यांनी करू दिला नाही. शेवटच्या दिवशी पाटी लिहिली, डबा पिशवीत घातला, मॉनिटरचा कोपरा पदराने पुसला आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता पाटी माझ्याकडे आली. सर्व्हर हिरवा होता. वर अक्कांच्या अक्षरात ४३२. मी अहवाल उघडून बोट खाली नेले आणि आकडा पाटीवर लिहिला. ४३१.

सिद्धारामला हाक मारायची गरज पडली नाही. त्याने खुर्ची ओढलीच होती. चारही प्रश्न विचारून झाले. सापडले तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. दुसऱ्या खेपेच्या चाचणीची फाइल कुणी तरी उचलून भलत्याच फोल्डरमध्ये ठेवली होती. बदल आदल्या दिवशी संध्याकाळचा, अक्कांच्या नावाचा. फाइलीत वरती एक ओळ होती: ज्यांना सापडली त्यांनी नाव लिहावे.

सिद्धारामने नाव लिहिले. मग माझ्याकडे बघून खाली माझेही लिहिले, "यादीबाई" असेच.

मी हैदराबादला फोन लावला.

"किती वाजता?" अक्कांनी विचारले. हॅलो नाही, काही नाही.

"सव्वाअकरा."

"पाटी दहाला लिहिता ना? सव्वा तास कशाला लागला?"

"पहिलाच दिवस होता, अक्का."

"बरं," त्या म्हणाल्या. मग तेलुगूत बहिणीला काही तरी सांगितले आणि फोन ठेवला.

फाइल जागेवर गेली. चाचण्या पुन्हा चालवल्या. मी पाटीवरचा ४३१ पुसला आणि त्या जागी ४३२ लिहिले. वर अक्कांचे, खाली माझे. माझा दोन जरा वाकडा आला होता.