तेहतीस सरळ आणि एक वाकडी

ती केस आठवली की आजही माझा डावा गुडघा ठणकतो. चोरामागे धावताना पडलो वगैरे काही नाही. भर उन्हात, पंचांच्या देखत, मी सरकारी फौजदार सिमेंटवर रांगत होतो आणि आकडे मोजत होतो. माझ्या गोष्टींतलं निम्मं वजा करून ऐकावं असं आमच्या घरात सगळे म्हणतात. खुशाल करा. फक्त एक आकडा या गोष्टीत येईल, त्याला हात लावू नका.

महायुद्ध संपून दोन पावसाळे उलटले होते. मी नंदुरबार ठाण्यात होतो. एका सकाळी हजेरी चालू असताना रनाळ्याचे पोलीस पाटील घोडी दामटत आले. श्वास घेण्याआधीच बोलले,

"सायेब, मन्हा शिवारमा रणगाडा उना शे! वावर चिरी ऱ्हायना!"

"तोफ आहे का त्याला?"

"तोफ नही. पन तोंड शे, सूपसारखं."

त्याच दिवशीच्या टपालात शहाद्याच्या एका ठेकेदाराचा लेखी तक्रार अर्ज होता. त्याच्या शेडमधून पट्ट्यावर चालणारा ट्रॅक्टर चोरीला गेला होता आणि तो रनाळ्यात एका फिरत्या लोहाराकडे आहे अशी त्याला पक्की खबर होती. दोन्ही खबरी जुळल्या. मी चार शिपाई, हेडकॉन्स्टेबल आणि ठाण्याचा पागी घेऊन निघालो. पागी म्हणजे माग काढणारा. आमचा पागी तोरणमाळच्या बाजूचा म्हातारा भिल्ल. दिवसाला दहा शब्द बोलायचा, त्यातले सहा त्याच्या कुत्र्याशी.

यंत्र दिसण्याआधी ऐकू आलं. त्या आवाजाने तापीतले मासे काठावर येऊन बसले होते असं मी नंतर कचेरीत सांगितलं, आणि दोघांनी ते खरंही धरलं. जवळ गेलो तर लष्करी हिरव्या रंगाचा, हत्तीएवढा बुलडोझर नाल्याकाठची पडीक जमीन सारखी करत होता. कपाळावर हळदकुंकू, नळकांड्याला आंब्याची डहाळी. वर बसलेला लोहार मिस्तरी आम्हाला बघून हसला, खाली उतरला आणि हात पुसून उभा राहिला. चोर असा उभा राहत नाही. पण हे मत पंचनाम्यात लिहिता येत नाही.

पंचनाम्याचीही गंमत झाली. हेडकॉन्स्टेबलने आयुष्यभर गुरंढोरं आणि भांडी लिहिलेली. त्याने लिहिलं, "रंग हिरवा, शिंगे नाहीत, शेपूट नाही, वय समजून येत नाही." नंबराचा पितळी बिल्ला जागेवर नव्हता. इंजिनावरचा ठसा गंजाने खाल्लेला. मुद्देमालाच्या खोलीत ते जाणार नव्हतं. तेव्हा ते जागेवरच जप्त करून दोन शिपाई पहाऱ्याला बसवले, कोणी खिशात घालून नेऊ नये म्हणून.

ठेकेदाराचं म्हणणं ऐकायला नीट होतं. त्याच्याकडे एकाच जातीची, एकाच रंगाची दोन यंत्रं होती. एक तोरणमाळच्या पायथ्याशी रस्त्याच्या कामावर मेलं, ते त्याने मोडीत काढलं. दुसरं चांगलं, शहाद्याच्या शेडमधलं, चोरीला गेलं. "आणि फौजदारसाहेब," तो मिशीवर बोट फिरवत म्हणाला, "हे तर चालतंय! मेलेलं यंत्र उठून नांगरायला लागतं का कुठे?"

मिस्तरीचं म्हणणं एका ओळीचं होतं. "सायेब, हाई तेच मढं शे. शेठनीच सांगं, लई जाय, रस्ता तरी मोकळा व्हई."

"कोणासमोर सांगितलं?"

"शेठ, मी नी वरला देव."

"देवाला समन्स काढता येत नाही, मिस्तरी."

"मंग शेठले इचारा."

शेठला विचारलं तर शेठ साफ नाही म्हणाला. रनाळ्याच्या लोकांनी बैल जुंपून, लाकडी ओंडक्यांवरून सरकवत ते धूड उन्हाळ्यात तापीपार आणलं होतं. बावीस बैलजोड्या, असं मी नेहमी सांगतो. बारा धरा. ते सगळे साक्ष द्यायला तयार होते की यंत्र पायथ्याशी मेलेलंच पडलं होतं. ठेकेदार म्हणाला, गावाची जमीन सपाट होते आहे, गाव त्याच्याच बाजूने बोलणार. आणि बैल का जुंपले? आवाज न करता चोरी करायला! वकिलाने हेच कोर्टात मांडलं असतं आणि मिस्तरी आत गेला असता.

मिस्तरीच्या मागे नुसता तुरुंग नव्हता. तो गाड्यावर घर घेऊन फिरणाऱ्या लोहारांपैकी. पिढ्यान्पिढ्या गावोगाव हिंडलेले ते लोक. यंत्र चालू झालं म्हणून रनाळ्याने त्याला गावालगत पहिल्यांदा जागा दिली होती, त्याच्या बायकोने तिथे चूल लिंपली होती. पाटलांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "सायेब, मानूस भला शे. पन चोर निंघना तर त्याले गाडी जुपनी पडी. गाव चोरले जागा देत नही." मिस्तरीच्या बायकोने हे ऐकलं. गाड्याची चाकं तिने आदल्याच महिन्यात काढून भिंतीला टेकवून ठेवली होती, तिकडे नुसतं बघितलं.

मी मिस्तरीची तीन दिवस चौकशी केली. दरडावलं, गोंजारलं, चहा पाजला. पण त्या माणसाला यंत्राशिवाय दुसरं बोलताच येत नव्हतं. इंजिन गंजून जाम झालं होतं, तर त्याने आत एरंडेल आणि राकेल ओतून ठेवलं. "पंधरा दिन पाजं त्याले, सायेब. सोळावा दिन हललं. मी रडनू." रबरी नळी कुजली होती, तिथे मोटेच्या चामड्याची शिवून बसवली. पितळेची भांडी वितळवून चाकांच्या आतल्या बुश, म्हणजे कड्या, ओतल्या. आधी पुढे पातं नव्हतंच. कापसाच्या एका बंद जिनातल्या बॉयलरचा पत्रा वाकवून त्याने ते केलं, आणि उचलायला रुई दाबायच्या प्रेसचा स्क्रू लावला. मूळ कारखान्याच्या साहेबाने हे बघितलं असतं तर त्याने मिस्तरीला मिठी मारली असती किंवा गोळी घातली असती.

"साखळपट्ट्याची ही एक पाटी अशी वाकडी का?" मी डावीकडे बोट दाखवून विचारलं. त्या पट्ट्यावर लोखंडी पाट्या असतात, प्रत्येकीवर एक आडवी धार. एका पाटीची धार तुटलेली होती आणि तिथे रुळाचा तुकडा तिरका ठोकलेला होता.

"ती मन्ही नही. ती आधीनी शे. मी येवढं वाकडं काम करस का?" त्याला चोर म्हटल्याचा राग आला नव्हता, याचा आला.

ठेकेदाराला हे विचारण्यात अर्थ नव्हता. तो म्हणाला असता, चोराने चोरी लपवायला ठोकली. मी अडकलो.

चौथ्या दिवशी पागी यंत्रामागच्या मातीत उकिडवा बसलेला दिसला. मला बघून म्हणाला, "सायेब, हाई जनावर डावा पायले लंगडं शे."

"ते मलाही दिसतंय, बाबा."

"हाऊ पाय मी देखेल शे."

"कुठे?"

"घरनी वाटवर. फरशीमा. दगड व्हई गयेल शे."

एवढे शब्द त्याने एका दमात बोललेले मी पहिल्यांदाच ऐकले. मग गोष्ट कळली. तोरणमाळच्या पायथ्याशी नाल्यावर ठेकेदाराने फरशी बांधली होती, म्हणजे पाणी वरून जाईल असा बुटका पूल. सिमेंट ओलं असतानाच कोणीतरी त्यावरून यंत्र नेलं होतं. पागी सुट्टीवर घरी जाताना दर वेळी ते ठसे ओलांडत होता.

आता खरी गंमत क्रमात होती. आधी ठसे मोजले असते तर ठेकेदार म्हणाला असता, तिथून माझं चांगलं यंत्र गेलं होतं. म्हणून मी त्याला निरोप पाठवला की चोरीचा माग डोंगराकडे जातोय, ओळख पटवायला या. शहाद्याच्या ठाण्याला कळवलं, दोन पंच घेतले आणि कोळशावर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीने निघालो. चढावर प्रवासी उतरून ढकलत होते. मी ढकललं नाही, मी फौजदार होतो. थोडं ढकललं.

फरशीवर उभं राहून मी फार हळहळलो. "शेठ, काम तर तुमचं देखणं. पण हा डाग कोणी लावला?"

शेठचा चेहरा फुलला आणि लगेच चिडला. "अहो, तेच मेलेलं धूड! ड्रायव्हरला होळीआधीच्या भोंगऱ्याच्या बाजाराला पोचायची घाई. ओल्या सिमेंटवरून घातलं गाढवाने! इंजिनियरसाहेबांनी मला दोन तास उभं केलं."

"चांगलं यंत्र नसेल ना?"

"ते शेडमधून डोंगराकडे कधी आलंच नाही! हवं तर लिहून घ्या."

हवं होतंच. हेडकॉन्स्टेबलने लिहून घेतलं, वाचून दाखवलं, शेठने झोकात सही केली, पंचांनी अंगठे उठवले. मग मी टोपी काढली आणि गुडघ्यांवर बसलो.

डाव्या रांगेत एक धार तिरकी आणि जास्त खोल उमटली होती. तिच्यापुढे सरळ धारा, मग पुन्हा तशीच तिरकी. शिपायाने मधल्या मोजल्या, बत्तीस. हेडकॉन्स्टेबलने मोजल्या, पस्तीस. पंच आपसांत भांडले. शेवटी पागीने प्रत्येक धारेवर एकेक खडा ठेवला आणि मी रांगत रांगत खडे उचलले. तेहतीस. उलट्या बाजूने, तेहतीस. म्हणजे पट्ट्यात एकूण चौतीस पाट्या.

"शेठ, तुमच्या चांगल्या यंत्राच्या कागदावर एका पट्ट्याला किती पाट्या लिहिल्यात?"

त्याने कागद काढला. दोन्ही पट्ट्यांना पस्तीस. पट्टा सैल पडला की ड्रायव्हर लोक एक पाटी काढून तो आवळतात. मेलेल्याचा डावा पट्टा असाच आवळलेला होता, आणि रनाळ्यात सरळ पाट्या तेहतीस, वाकडी एक, असं मी निघताना पंचांसमोर मोजून आलो होतो. मी त्याला तो पंचनामा वाचून दाखवला आणि मग त्याचीच ताजी सही दाखवली.

शेठने पाणी मागितलं. नाल्यात पाणी नव्हतं. पागीने आपला पाण्याचा भोपळा पुढे केला. अर्धा भोपळा संपल्यावर शेठ बोलला. चांगलं यंत्र त्याने शेजारच्या संस्थानात गुपचूप विकलं होतं. त्यात भागीदाराचा अर्धा हिस्सा, आणि भागीदार यंत्र दाखव म्हणून बसला होता. तेवढ्यात कळलं की आपण फेकलेलं मढं रनाळ्यात उठून चालतंय. तेच चोरीला गेलेलं चांगलं यंत्र म्हणून भागीदाराला दाखवायचं त्याने ठरवलं.

यंत्र सुटलं तेव्हा मी मिस्तरीला म्हटलं, आता तरी ती वाकडी पाटी बदल. त्याने यंत्रातलं सगळं बदललं होतं, सुधारलं होतं. पण म्हणाला, "ऱ्हाऊ द्या सायेब. तीनीच मन्हं घर राखं." त्याच्या बायकोने भिंतीची चाकं काढली आणि फोडून चुलीत घातली. मला त्याच चुलीवरची भाकरी मिळाली.

या केसने मला काय शिकवलं? आम्ही पोलीस बिल्ला शोधतो, ठसा शोधतो, सही शोधतो. पागी चाल बघतो. बिल्ला निघतो, ठसा गंजतो, चाल मात्र आपली आपल्यापाशी राहते. आणि दुसरं, माझ्यासारख्या वाढवून सांगणाऱ्या माणसानेही आयुष्यात एखादा आकडा रांगत जाऊन मोजावा. तो एकच मी कधी वाढवला नाही.

तपास चालू असताना मी रस्त्याच्या खात्याला पत्र घातलं होतं की ती फरशी पुरावा आहे, ठसे बुजवू नयेत. केस संपली, पत्र मागे घ्यायचं राहून गेलं. खात्याने ते आजवर पाळलं आहे. परवा बैलगाडीने तिकडून गेलो. गाडीवान प्रत्येक धक्क्याला फरशी तशी ठेवणाऱ्याच्या नावाने शिव्या देत होता. मी मोजत बसलो. तेहतीस लहान धक्के, मग एक मोठा. पटत नसेल तर जाऊन बसा गाडीत.