पट्टीवरचं पाणी

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. मी अंबाडी गावाजवळच्या शाळेत मास्तर होतो. सकाळी सायकलवरून रस्त्याच्या मोरीवर, त्या छोट्या पुलावर, आलो की खाली ओढ्यात गावातला एक माणूस दिसायचा. पाण्यात आकड्यांची उंच पट्टी रोवली होती. पाणी कुठवर आलंय ते रोज वहीत लिहायचं सरकारी काम त्याच्याकडे होतं. आकडा मोरीवरूनही दिसे, पण तो चपला काढून पाण्यात उतरायचा आणि डोळे पाण्याच्या रेषेला टेकतील इतका वाकायचा.

“दादा, इथूनही दिसतंय की,” मी एकदा म्हटलं.

“वरून बगितलं तं चुकीचं दिसतं, गुरुजी.”

उन्हाळ्यातही ओढा वाहता राहिला, तर तिथे बंधारा होणार होता. काठावरचं भातशेत त्यात बुडणार होतं. ते शेत त्याचंच आहे, हे मला फार उशिरा कळलं.

“मग दोन बोटं कमी लिहा ना,” मी म्हणालो. मुलांना खरं बोलायला शिकवण्याचा पगार घेणारा मी!

त्याला राग आला नाही. त्याने वही शर्टाच्या आत सरकवली. “पानी हाय, तं न्हाय कसं लिवू?”

दोन वर्षांनी बंधारा झाला आणि भरलाही. पट्टी आता त्याच्याच शेताच्या बांधावर रोवलेली होती. तो नेहमीसारखा चपला काढून उतरला, वाकला, आकडा वाचला आणि लिहिला.

मग तो पुन्हा वाकला, या वेळी पट्टीकडे नाही, पाण्याखालच्या शेताकडे बघत, आणि बराच वेळ उठला नाही.