वडील हयात नाहीत

हे मी आजवर कुणापुढे बोललेलो नाही. बायकोपुढेही नाही — आणि तिच्यापासून मला चोरून ओढलेली एक विडीसुद्धा कधी लपवता आली नाही. हे मात्र लपलं. कसं लपलं, कोण जाणे.

आधीच सांगून टाकतो, रडगाणं ऐकवायला बसलेलो नाही. माझं आयुष्य चांगलं गेलं. नोकरी चांगली झाली, डोंबिवलीत स्वतःचं घर झालं, मुलं मार्गी लागली. सकाळी अंगणातल्या तगरीची फुलं काढताना मी खरोखर सुखात असतो. मग हे मध्येच वर का येतं? असो. सांगतो.

माझे वडील, अण्णा, आचारी होते. लग्नामुंजींचे. ठाण्यापासून कल्याणपर्यंत कुणाकडे कार्य निघालं की विष्णूपंतांना, म्हणजे अण्णांनाच, निरोप जायचा. आई मी सहा वर्षांचा असताना गेली. तेव्हापासून डोंबिवलीच्या चाळीतल्या दोन खोल्यांत आम्ही दोघंच. मागे भातशेती, पुढे विहीर. कार्यांचे महिने बरे जायचे, चातुर्मासात ओढाताण. पण अण्णांनी मला शाळेतून काढायचा विचार एकदाही केला नाही. माझं प्रगतिपुस्तक ते उलटं धरूनही कौतुकाने बघत. वाचता येत होतं त्यांना — चष्मा नव्हता, एवढंच.

एस.एस.सी.ला मला फार चांगले मार्क मिळाले. पन्नास साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. कॉलेज म्हणजे मुंबई, आणि मुंबई म्हणजे फी, पुस्तकं, जाणंयेणं. त्या उन्हाळ्यात मी वाचनालयात बसून वर्तमानपत्रांतल्या शिष्यवृत्त्यांच्या जाहिराती वहीत उतरवून घ्यायचो. एक अमक्या ज्ञातीतल्या मुलांसाठी. एक तमक्या तालुक्याच्या रहिवाशांसाठी. एक संस्कृत घेणाऱ्यांना — आणि मला तर सायन्सला जायचं होतं. तरी अर्ज धाडायचो, पोस्टमनची वाट बघायचो. 'कळविण्यास खेद वाटतो.' एवढ्याशा पोस्टकार्डावर किती सुंदर अक्षर असायचं एकेकाचं!

मग कल्याणच्या एका ट्रस्टची जाहिरात दिसली. पदवी मिळेपर्यंतचा सगळा खर्च. ज्ञातीची अट नाही, विषयाची नाही. अट एकच — विद्यार्थी पितृहीन असावा.

तो अर्ज मी चार दिवस उशाखाली ठेवला. पाचव्या दिवशी, अण्णा बाळकुमला एका मुंजीला गेले होते तेव्हा, टाक शाईत बुडवला. 'वडील हयात आहेत काय?' — नाहीत. 'पालकाचे नाव व नाते' — दामोदर, चुलते. दामूकाका काल्पनिक नव्हते बरं. अण्णांचे एकुलते एक सख्खे भाऊ, कोकणात गावी असायचे. फक्त तीन वर्षांपूर्वी वारले होते. म्हणजे दोन ओळींत मी जिवंत माणूस मारला आणि मेलेला उठवला.

हीच ती गोष्ट, असं तुम्हाला वाटेल. थांबा.

मुलाखत झाली. तिथे बाहेरच्या बाकावर आणखी सात-आठ मुलं बसलेली होती, खरोखर वडील नसलेली. त्यांतल्या कुणाची जागा मी घेतली, हे मी कधी शोधलं नाही. शोधायला हवं होतं का? हो.

मग एके दुपारी चौकशीला ट्रस्टचे एक गृहस्थ थेट घरी आले. कुठलेसे निवृत्त हेडमास्तर, काळी टोपी, हातात छत्री. अण्णा दारातच नारळ खवत बसलेले. मी आत. मास्तरांनी विचारलं, "मधुकरचे चुलते आपणच का?"

अण्णांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. एकदाच. माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते त्यांनाच ठाऊक. मग हात पुसत उठले.

"हो, मीच. दामोदर. या ना, बसा."

चहा केला. मास्तरांना भिंतीवर आईचा हार घातलेला फोटो दिसला. "आणि बंधूंचा नाही?"

"त्याला फोटो काढून घ्यायची भारी लाज."

"कसे होते स्वभावाने?"

अण्णांनी चहाचा कप पुढे सरकवला. "साधा होता हो. हाताला चव होती त्याच्या. पोराला शिकवायचं फार मनात होतं... तेवढं राहून गेलं त्याचं."

मास्तरांचे डोळे पाणावले. माझे नाही. मी जमिनीकडे बघत होतो.

ते गेल्यावर मी भिंतीला टेकून उभा राहिलो. वाटलं, आता कानाखाली बसणार. अण्णांनी पुन्हा खवणी पुढे ओढली. "मास्तर भला माणूस दिसतो," म्हणाले. बस. तेवढंच.

शिष्यवृत्ती मिळाली. कॉलेजची चार वर्षं कशी भुर्रकन गेली! बी.एस्सी. झालो तेव्हा अण्णांनी सबंध चाळीला श्रीखंड खाऊ घातलं. शहाडजवळच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत मला नोकरी लागली. एवढं सगळं झालं ते त्या एका खोट्यामुळे, आणि त्या खोट्यात अण्णाही माझ्याबरोबर होते. म्हणून म्हणतो, त्याचं ओझं मला एकट्याला कधी वाटलं नाही. पोरगा शिकला, ते खूश होते. मीही होतो.

पण एक दुसरी गोष्ट आहे. तिच्यात अण्णा माझ्याबरोबर नव्हते.

नोकरी लागून वर्ष झालेलं. प्रयोगशाळेतला माझा सोबती सुधाकर, त्याच्या बहिणीचं लग्न ठाण्याला कोपरीत होतं. मी नवीन शर्ट घालून गेलेलो. आम्ही मित्र एका ओळीत पंगतीला बसलो. अण्णा सकाळी "ठाण्याला काम आहे" म्हणून निघाले होते, पण ते काम हेच, हे मला माहीत नव्हतं.

जिलब्यांचं ताट घेऊन ते स्वतः बाहेर आले. आचारी सहसा वाढायला येत नाही. आडोशातून मी दिसलो असणार. उघडं अंग घामाने निथळतंय, कमरेला पंचा, आणि चेहरा असा फुललेला.

"मधू! अरे, तू इथं?"

सुधाकरने विचारलं, "कोण रे हे?"

"काका," मी म्हणालो. आणि वर — "लांबचे. गावाकडचे."

अण्णांनी ऐकलं. हसू तसंच राहिलं त्यांचं. खाली वाकून माझ्या पानात दोन जिलब्या वाढल्या.

"घ्या ना," म्हणाले. "संकोच करू नका."

मला. 'घ्या' म्हणाले. आणि पुढच्या पानाकडे गेले.

त्या पंगतीत ट्रस्टचं कुणी नव्हतं. शिष्यवृत्ती केव्हाच संपलेली, पदवी हातात होती. खरं बोललो असतो तर माझं काय जाणार होतं? काहीच नाही. सुधाकर मोकळ्या मनाचा मुलगा. त्याने उठून अण्णांना नमस्कार केला असता. पुढच्याच वर्षी तो नोकरी बदलून नागपूरला गेला. त्याला खरं कधी कळलं नाही. पहिल्या वेळी मला कॉलेज हवं होतं. या वेळी मला काही नको होतं. मला बापाची लाज वाटली.

अण्णा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले, माझ्याच घरी, नातवंडांत. त्यांनी तो विषय कधी काढला नाही. मला काढता आला असता. रोज दोन्ही वेळा आम्ही समोरासमोर जेवायला बसत होतो. मी काढला नाही.